उकिरड्याची वाटणी

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा शेत वाटलं गेलं, केळीचा बाग वाटला गेला, पितळेची भांडी तराजूत घालून वाटली गेली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. राहिला तो उकिरडा. गोठ्यामागे भलामोठा खड्डा होता. दोन्ही घरांचं शेण, चुलीची राख, ढोरांनी उष्टावलेला कडबा, केळीची पानं, सगळं त्यात पडायचं. पंच म्हणाले, खड्ड्यात काही बांध घालता येत नाही, आणि शेण काही नाव लिहून पडत नाही, तेव्हा उकिरडा दोघांत राहू द्या. दोघा भावांनी माना हलवल्या. पंच चहा पिऊन गेले. बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव उघडतं म्हणतात. आमच्या उकिरड्याचं तीनच वर्षांत उघडलं, आणि त्याच्या काठावर माणसाचं रक्त सांडलं.

मी बुऱ्हाणपूर शहरातली. माझे वडील शाळामास्तर. मला दिली ती फोपनारच्या बाजूच्या एका गावात, तापीच्या काळ्या जमिनीवर केळी, कपाशी आणि थंडीत गहू घेणाऱ्या घरात. घरात दोन भाऊ. धाकटा माझा नवरा. थोरला माझा जेठ. सासू-सासरे मी येण्याआधीच गेले होते. वाटणीनंतर एकाच वाड्याच्या मधोमध मातीची भिंत घातली गेली, पण अंगण, गोठा आणि ढोरांना पाणी पाजायचा हौद सामाईकच राहिला.

जेठाला आदरानं 'ते आले, ते गेले' असं लिहायची रीत आहे. माझा हात त्याला वळत नाही, म्हणून मी एकेरीच लिहिणार. तो अंगानं थोराड होता आणि रागानं त्याहून मोठा. माझ्या थोरल्या जावेला, जिला मी जिजी म्हणायची, तो पराणीनं मारायचा. पराणी म्हणजे बैल हाकायची काठी, टोकाला लोखंडी आर असलेली. गंमत अशी की बैलाला तो ती पराणी कधी लावत नसे. डोईफोडियाकडच्या जंगलकाठच्या एका शेतकऱ्याकडून त्यानं एक पांढरा बैल आणला होता. त्याच्या पाठीवर हात फिरवून 'चल रे राजा' एवढं म्हटलं की बैल चालायचा. बैलाला राजा आणि बायकोला आर. मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या वर्षी दूध उतू गेलं म्हणून त्यानं जिजीच्या कानशिलात अशी दिली होती की तिला डाव्या कानानं ऐकू येणं बंद झालं. तिच्याशी बोलायचं तर उजवीकडे जाऊन बसावं लागे. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे उजवीकडेच बसत.

आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं जेठासमोर पदर डोक्यावरून खाली येऊ द्यायचा नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचंच झालं तर दाराच्या चौकटीकडे बघून सांगायचं, की 'जेवण वाढलंय म्हणावं'. आणि जेठानं भावजयीला स्पर्श करायचा नाही. तिची सावली पडली तरी तो बाजूला सरकायचा. मी शहरातली, शिकलेली, तोंडाची फटकळ. पहिल्या दिवशी मला हे हसू येण्यासारखं वाटलं. मग जिजीची पाठ पाहिली आणि वाटलं, बरी आहे ही रीत, निदान या माणसाचा हात माझ्यापर्यंत पोचत नाही.

ती सगळी वर्षं 'एकीकृत' या शब्दाची होती. सरकारी पाट्या हिंदीत, आणि प्रत्येक पाटीवर एकीकृत काहीतरी. एकीकृत विकास, एकीकृत खेती. आमच्या घरात भिंत उभी राहत होती तेव्हा गावाच्या वेशीवर एकीकृतची पाटी रंगवली जात होती. त्यातच शेतीखात्याचा एक माणूस मोटरसायकलवर गावात येऊ लागला. तो सांगायचा की नुसता युरिया ओतून जमीन थकते, नुसतं शेणखत टाकून गव्हाची भूक भागत नाही, म्हणून तिन्ही एकत्र करा. शेणखत, निम्मा युरिया आणि दाणेदार स्फुरदखत, आणि जिवाणूंची पुडी. पुडी म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत काळी भुकटी, बुक्क्यासारखी दिसणारी. तिच्यातले जिवाणू हवेतलं नत्र धरून पिकाला देतात, आणि दुसऱ्या पुडीतले जमिनीत अडकलेलं स्फुरद मोकळं करतात. 'ये जिंदा चीज है भाऊ,' तो म्हणायचा, 'इसको धूप मत दिखाओ, और यूरिया के साथ एक बोरी में मत रखो, मर जाएगी.'

माझ्या नवऱ्याला ते पटलं. तो कमी बोलणारा, आपल्या जागी गप्प बसून सगळं बघणारा माणूस. त्यानं गव्हाच्या तुकड्यात हे करून बघायचं ठरवलं. मी पुड्या माठाच्या तिवईखाली, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या, कारण घरातली सगळ्यांत गार जागा तीच. जेठाला कळलं तेव्हा तो अंगणातून ओरडला, 'पैसे देऊन किडे आनले यानं! आपला बाप किडे मारता मारता मेला, आन हा पोतं भरून आनतो!' लोक हसले. खरं सांगायचं तर मीही हसले. बोलणं तसं मजेशीरच होतं.

पहिली मारामारी दसऱ्यानंतर झाली, उकिरडा उपसताना. शेतीखात्याच्या माणसानं सांगितलं होतं की स्फुरदाची पुडी कुजलेल्या शेणखतात मिसळून, वर पाणी शिंपडून, गोणपाटाखाली झाकून ठेवा आणि मग शेतात टाका. माझ्या नवऱ्यानं खड्ड्याच्या आपल्या बाजूचं खत वर काढलं, त्यात पुडी कालवली, आणि ढीग खड्ड्याच्या काठावरच झाकून ठेवला. जेठ आला. त्यानं गोणपाट उचकटलं.

'हे किडे माह्या खतात जातीन.'

'तुझं खत तिकडं आहे दादा. आन गेले तरी चांगलंच आहे.'

'चांगलं? खड्डा दोघांचा आहे. मले इचारलं का?'

'शेतात टाकतो उद्या. एवढं काय त्यात?'

जेठानं फावड्याचा दांडा घातला. ढिगावर घालायचा होता की भावावर, ते मला आजही सांगता येणार नाही. बसला तो माझ्या नवऱ्याच्या मनगटावर. मनगट लगेच सुजलं. त्यावरचं कातडं फाटून रक्त आलं आणि ढिगावर पडलं. माझा नवरा एक शब्द बोलला नाही. मनगट दुसऱ्या हातात धरून तो घरात आला आणि म्हणाला, 'हळद लाव.' मला इतका संताप आला की हळद लावताना मी त्याचं मनगट जोरात दाबलं. 'तुम्ही काही बोलला का नाही?' मी विचारलं. 'काय बोलू? मोठा भाऊ आहे,' तो म्हणाला. मोठा भाऊ हे त्याच्याकडचं एकच औषध होतं, आणि ते तो सगळ्या दुखण्यांना लावायचा.

तरी त्यानं केलं ते सगळं. सुजल्या हातानं खत शेतात पसरलं. पेरणीच्या दिवशी मी गुळाचं पाणी उकळून गार केलं, कारण गरम ओतलं तर पुडीतला जीव मरतो. बियाणं पोत्यावर पसरून त्यावर ते चिकट पाणी शिंपडलं, काळी भुकटी टाकली आणि दोघांनी हलक्या हातानं चोळलं. गव्हाचे दाणे काळे झाले. ते गोठ्याच्या सावलीत वाळत घातले आणि मुंग्या यायच्या आत पेरून टाकले. जिजी भिंतीपलीकडून बघत होती. हळूच म्हणाली, 'गोड लावून राह्यली का बियाले? आमच्याकडे मानसाले भेटत नाही.' मी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तिनं तो तोंडात टाकला नाही, पदराला बांधला, आपल्या लहान पोरीसाठी.

जेठानं आपल्या तुकड्यात शेणखत टाकलंच नाही. 'किडे पडले त्यात,' म्हणाला. गोण्याच्या गोण्या युरिया आणला. गहू उगवून वर आला की साधारण तीन आठवड्यांनी पहिलं पाणी देतात, आणि त्या वेळी युरियाचा हप्ता टाकतात. त्या दिवशी सकाळी दोघा भावांनी आपापल्या तुकड्यात युरिया फेकला. जेठानं सढळ हातानं. माझ्या नवऱ्यानं मोजून. त्यामुळे जेठाच्या सगळ्या गोण्या रिकाम्या झाल्या, आणि आमची एक गोणी अर्धी भरलेली घरात परत आली. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्या अर्ध्या गोणीवर फिरलं.

जेठ शेतातून आला आणि रिकाम्या गोण्या जिजीपुढे टाकून म्हणाला, 'धुवून टाक. संध्याकाळपर्यंत वाळल्या पायजे, शिवून पाल करायचं आहे.' लाइट गेलेली, मोटर बंद. विहीर खोल. जिजीनं ढोरांच्या हौदातलं पाणी वापरलं. सगळे तसंच करायचे. गोणी हौदात खळबळून काढायची, मग तळाचा बोळा काढून पाणी सोडून द्यायचं आणि हौद नवीन भरायचा. गोणीच्या तळाला चिकटलेला युरिया पाण्यात विरघळला की दिसत नाही. पाणी पूर्वीसारखंच निवळ. जिजीनं गोण्या उलट्या करून काट्याच्या कुंपणावर वाळत घातल्या. बोळा काढायच्या आधी चुलीवरची डाळ करपल्याचा वास आला आणि ती धावली. करपलेल्या डाळीचं त्या घरात काय होतं, ते तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात जेठानं बैल सोडले. पांढऱ्याला स्वतः हौदावर नेलं, पाठीवर थाप मारून म्हणाला, 'पी रे राजा.' राजा तहानलेला होता. भरपूर प्यायला. दुसऱ्या बैलानं तोंड लावलं आणि मागे घेतलं.

मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. आधी बैल पाय आपटू लागला. मग त्याच्या खांद्याचं कातडं थरथरू लागलं, तोंडातून फेस आला, पोट एका बाजूनं फुगलं. तो असा ओरडला की तो आवाज बैलाचा वाटेना. जेठानं त्याच्या गळ्याला मिठी मारली. त्याच्या नाकात तेल ओतलं, तोंडात ताक ओतलं. बैल गुडघ्यावर आला, मग आडवा पडला, आणि पाय झाडत राहिला. गाव जमा झालं. बुऱ्हाणपूरहून ढोरांचा डॉक्टर स्कूटरवर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी जेठाला रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तो रडू लागला तशी मला जास्त भीती वाटू लागली.

डॉक्टरनं फेस पाहिला, पोटावर बोटं वाजवली आणि विचारलं, 'यूरिया पिया है इसने. पानी में किसने घोला?'  तो स्कूटरला किक मारून निघून गेला. आपण काय पेटवून चाललो आहोत, याची त्याला कल्पना नव्हती.

मी हौदाकडे पाहिलं. मग कुंपणाकडे. गोण्यांच्या उलट्या कडांवर पांढरी खपली वाळत होती. मी उठून हौदात बोट घातलं आणि जिभेला लावलं. खारट, कडवट. आमची गाय चरून यायची वेळ झाली होती, म्हणून मी बोळा उपसून पाणी सोडून दिलं. मान वर केली तेव्हा जिजी दारात उभी होती. हाताला पीठ लागलेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा मेलेल्या माणसासारखा झाला. दुधासाठी कान गेला होता. राजासाठी काय जाईल, हे आम्हा दोघींनाही वेगळं सांगायला नको होतं.

पण जेठाच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. तो उठला. त्याचे डोळे लाल झाले होते.

'माह्या गोन्या तं शेतात खाली झाल्या,' तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. 'युरिया उरला तो कोनाच्या घरी? तुह्या. अर्धा टाकतो म्हने. मंग बाकीचा अर्धा कुठी जाते? माह्या बैलाच्या पान्यात?'

'दादा, काहीही काय बोलतो?'

'मनगटाचा बदला घेतला तू. मानसावर नाही घेता आला, मुक्या ढोरावर घेतला.'

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत शिकले होते. तिचा अर्थ त्या अंगणात कळला. जेठानं फावडं उचललं. पहिला घाव खांद्यावर बसला. माझा नवरा मागे सरकत उकिरड्याच्या काठावर गेला आणि खड्ड्यात पडला. गाव बघत होतं. एक म्हातारा 'अरे, अरे' म्हणाला, आणि पुढे कोणी आलं नाही. नवरा उठायला लागला तेव्हा त्याच्या खांद्याचा सदरा फाटून आतलं मांस दिसत होतं. जेठ काठावर उभा राहून फावडं दोन्ही हातांनी डोक्यावर नेत होता. आता खांदा नव्हे, डोकं होतं त्याच्यासमोर.

माझ्यासमोर दोन माणसं होती. खरं बोलले तर जिजी मरणार. गप्प बसले तर नवरा. मी फार विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी माझ्या डोक्यावरचा पदर खाली टाकला, जेठाच्या समोर जाऊन उभी राहिले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघून बोलले.

'मी धुतली गोणी. उरलेला युरिया पिंपात ओतला आणि रिकामी गोणी हौदात धुतली. पाणी सोडायचं राहून गेलं.'

फावडं वरच राहिलं. माझा हिशोब सरळ होता. जेठ भावजयीला हात लावत नाही, गावासमोर तर नाहीच. आणि माझ्या नवऱ्यानं आजवर मुंगीलाही मारलं नव्हतं. तेव्हा या घरात मार न पडणारी बाई एकच आहे, ती मी. ज्याला मार लागत नाही त्यानं तो अंगावर घ्यावा, एवढं साधं गणित.

जेठाचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. तो माझ्याशी बोललाच नाही. माझ्या डोक्यावरून खड्ड्यातल्या भावाला म्हणाला, 'बायको तुही आहे. तू हानतो का मी हानू?'

माझा नवरा खड्ड्यातून वर आला. अंगाला शेण, खांद्यातून रक्त. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आता तो म्हणेल, कोणी नाही हाणायचं. त्यानं चांगला हात उचलला आणि माझ्या गालावर मारली. हलकी नव्हती. मी पडले. कानात शिट्टी वाजू लागली, तोंडात रक्ताची चव आली. पडल्या पडल्या मला पहिली गोष्ट आठवली ती ही, की हा कान कोणता? डावा की उजवा? जिजीचा गेला तो की दुसरा?

जेठानं फावडं खाली टाकलं. गाव पांगलं. बैलाच्या भरपाईत त्यानं उकिरडा मागितला, सगळा, आमच्या हिश्शासकट, आणि माझ्या नवऱ्यानं तो देऊन टाकला. जिजी दारात होती तशीच उभी होती. ती त्या दिवशी काही बोलली नाही, आणि मला तिचा राग आला नाही. बोलली असती तर माझा गाल फुकट गेला असता.

राग आला तो नवऱ्याचा. थंडीभर मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. त्याचा खांदा मी धुतला, पट्टी बांधली, वेळेवर जेवायला वाढलं, आणि एक शब्द जास्त बोलले नाही. तो बिचारा अपराध्यासारखा वावरायचा. वावरू दे, म्हटलं. ज्याला बायको बैल मारेल असं वाटतं, त्यानं बायकोच्या हातची भाकर खावी कशाला?

गहू मात्र आमच्या घरात काय चाललंय याची पर्वा न करता वाढत होता. माघात वारं सुटलं. जेठाचा गहू हिरवागार, उंच, युरियावर माजलेला. एका वाऱ्यात तो आडवा झाला, आणि जो झोपला तो उठला नाही. दाणा बारीक, चिमलेला राहिला. आमचा बुटका, पण ताठ. ओंबी हातात घेतली तर जड लागायची. मुळं उपटून पाहिली तेव्हा त्यांना माती घट्ट धरून होती, आणि त्या मातीत गांडुळं होती. शेतीखात्याचा माणूस आजूबाजूच्या गावांतले शेतकरी घेऊन आला. माझ्या नवऱ्याला त्यानं बांधावर उभं केलं. तो मान खाली घालून म्हणाला, 'काही नाही, तिघांकडून थोडं थोडं काम घेतलं. एकट्यावर भार नाही टाकला.' लोकांनी माना डोलावल्या. मी डोक्यावर पाण्याची घागर घेऊन तिथेच उभी होते. मला वाटलं घागर त्याच्या डोक्यात घालावी.

नव्या गव्हाची पहिली पोळी केली त्या दिवशी माझ्यानं राहवलं नाही. तो पहिला घास तोंडात घालणार तेवढ्यात मी म्हटलं, 'गोणी मी नव्हती धुतली.'

त्यानं घास खाली ठेवला. 'मले माहीत आहे,' तो म्हणाला.

'कधीपासून?'

'त्याच दिवशी. कुंपणावर गोण्या तीन होत्या. आपली एकच, तीही अर्धी भरलेली घरात. खड्ड्यात पडल्या पडल्या दिसत होत्या मले.'

मला वाटलं मी पुन्हा अंगणात पडले आहे. आजवर मी त्याला मूर्ख समजत होते. मूर्ख असता तर बरं झालं असतं.

'मग मला मारलं कशाला?'

'दादाच्या हातात फावडं होतं. मी नसतं हानलं तर त्यानं हानलं असतं. माझा हात रिकामा होता.'

'रिकामा होता तर त्याचा हात धरायचा होता.'

 तो बसून राहिला, ताटाकडे बघत. मीही त्याला जेवा म्हटलं नाही. त्याची पोळी गार झाली आणि शेवटी मी ती गाईला घातली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, चैत्रात, खळ्यावरचं काम आटोपून तो दुपारी जेवायला बसला होता. भिंतीपलीकडे जेठ जिजीवर ओरडत होता. त्याच्या गव्हाचं बारदान भरलं नव्हतं, आणि खापर फोडायला त्याला माझंच डोकं सापडलं होतं. 'त्या शहरातलीनं बैल मारला, तिच्यामुळे सगळं गेलं,' असं काहीतरी चाललं होतं. आणि मग जिजीचा आवाज आला. तिचा आवाज मी कधी भिंतीपलीकडून ऐकला नव्हता. ती कधी मोठ्यानं बोलतच नसे.

'तिनं नाही मारला. गोन्या मी धुतल्या. तुम्हीच सांगितल्या होत्या धुवाले. आन पानी तुम्हीच पाजलं राजाले, आपल्या हातानं.'

 मग पराणीचा आवाज आला, आणि जिजीची किंकाळी.

माझ्या नवऱ्याचा हात ताटात थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीही काही सांगितलं नाही. तो उठला, हात न धुता, आणि अंगणातून पलीकडे गेला. मी मागे गेले. जेठानं पराणी उगारली होती, टोकाकडून. जिजी कोपऱ्यात, डोक्यावर दोन्ही हात. माझ्या नवऱ्यानं मधे घुसून पराणी धरली. आर त्याच्या तळहातात शिरली. जेठानं दुसऱ्या हातानं त्याच्या तोंडावर मारलं, एकदा, दोनदा, पुन्हा. दात पडला. ओठ फाटला. त्यानं उलट एकही मारली नाही, पण पराणी सोडली नाही. 'बस दादा,' एवढंच म्हणत राहिला, रक्तानं भरलेल्या तोंडानं. जेठ हिसके देत राहिला, शिव्या देत राहिला, शेवटी दमला आणि भिंतीला टेकून खाली बसला. पराणी माझ्या नवऱ्याच्या हातात राहिली. ती त्यानं गुडघ्यावर मोडली.

जिजी आपल्या पोरीला घेऊन आमच्या बाजूला आली ती पुन्हा त्या घरात गेली नाही. जेठ आमच्याशी पुढे कधी बोलला नाही. लोक विचारतात, मी नवऱ्याला माफ केलं का. आम्ही एवढी वर्षं नांदलो, तो भला माणूस आहे, सगळ्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना त्यानं पुडी आणि शेणखत शिकवलं. पण त्या थपडेची माफी मी त्याला दिलेली नाही. पराणी धरली ती वेगळी गोष्ट, आणि तिच्यासाठी मी त्याच्या तळहाताला महिनाभर औषध लावलं.

त्या दुपारी मी जिजीला चुलीपाशी बसवलं. तिच्या पाठीतून, दंडातून रक्त येत होतं. मी कोमट पाण्यानं पुसू लागले, तिच्या उजव्या बाजूला बसून. ती रडत नव्हती. ती माझ्या गालाकडे बघत होती, जिथे आता काहीच दिसत नव्हतं.

'तुह्या गालावरची माझी होती,' ती म्हणाली. 'आज घेतली मी ती.'

 मी परातीतलं पीठ ओढलं आणि तिच्यासाठी पोळी लाटायला घेतली.